एकोडीच्या उरकुडाची पुकार

एकोडीच्या तलावाची पाळ चढताना या वेळी मला तीनदा थांबावं लागलं. पूर्वी हीच पाळ मी एका दमात चढायचो, तेही बोंबलत. वर पोचलो तेव्हा कापणी चालू होती. तलावाखालच्या शेतांतल्या अर्ध्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या आणि कापलेल्या धानाचा तो ओलसर, गोडसर वास तलावावरून येत होता. आखाडा होता त्या जागी आता सिमेंटची दोन बाकं आहेत, एक दिव्याचा खांब आहे, आणि बाकांच्या मागे कोणीतरी सरपण रचून ठेवलं आहे. कोणी बघत नाही असं पाहून मी चप्पल काढली आणि अंगठ्यानं माती उकरली. वर्षानुवर्षं त्या मातीत हळद, ताक आणि जवसाचं तेल मुरवलं होतं आम्ही. वाटलं, थोडा तरी रंग उरला असेल, थोडा तरी वास. निघाली ती साधी, राखाडी, आजूबाजूला असते तशीच.

पाळ उतरली की तिसऱ्या गल्लीत सायत्रावहिनीचं घर. उरकुडा पहेलवानाची बायको. तिला एक गोष्ट सांगायची म्हणून मी आलो होतो. उरकुडा गेला तो माझ्यामुळे गेला, ही ती गोष्ट. चाळीस वर्षं मी ती कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. या वर्षी छातीत कळ येऊन गेली आणि डॉक्टरनं जिने चढू नका म्हणून सांगितलं, तेव्हा ठरवलं, आता पुरे झालं.

पण गल्लीत शिरायच्या आधी बाकावर बसलो. घाबरलो होतो, दुसरं काय.

उरकुडाच्या आधीची तीन भावंडं गेली होती. म्हणून तो जन्मला तसा त्याला घटकाभर उकिरड्यावर ठेवला, मग कोणाचं तरी टाकलेलं पोर सापडलं अशा थाटात उचलून घरात आणला आणि नावही उकिरड्यावरूनच ठेवलं. टाकाऊ आहे असं समजून मरणानं पुढे जावं, एवढीच त्यामागची युक्ती. आमच्या भागात गावागणिक असा एखादा उरकुडा असायचा. आमचा मात्र पुढे असा काही भरला की दारातून आत येताना तिरपा व्हायचा. त्याची आई त्याला बघून म्हणायची, "उकिरड्यावरचं खत हाये माह्या पोराच्या अंगात." आणि लगेच दृष्ट काढायची.

सकाळी पाळीवरून त्याचा श्वास ऐकू यायचा. सतरा-अठरा जण दंड मारत असले तरी त्याचा श्वास वेगळा ओळखता येई, लांब आणि शांत. थंडीत तलावावर धुकं असायचं आणि त्या धुक्यात मातीतून वाफ निघाल्यासारखी पोरांच्या पाठींतून वाफ निघायची. शनिवारी कोनाड्यातल्या मारुतीला शेंदूर लागायचा. नारळ फुटला की त्याचं पाणी मातीवर शिंपडायचं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा उरकुडाला. बदाम-पिस्ते आमच्या गावानं फक्त ऐकले होते. त्याच्यासाठी सायत्रावहिनी जवसाचे लाडू करायची आणि ते एका पितळी डब्यात मोजून ठेवायची, कारण आम्ही सगळेच त्या डब्यावर डोळा ठेवून असायचो.

मी त्या आखाड्यात दोन महिने टिकलो. अंगाच्या बाबतीत देवानं माझ्या वेळी हात आखडता घेतला होता आणि ती कसर गळ्यात भरून काढली होती. माझे वडील किराण्याचं दुकान चालवायचे. ते म्हणत, याला गल्ल्यावर बसवलं तर गिऱ्हाईक पळून जाईल, याला शेतात पाठवा, डुकरं तरी पळतील. उरकुडानं मला मातीतून उठवलं, अंग झटकलं आणि म्हणाला, "तू लडू नोको. तू पुकार दे."

पुकार म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता ती रीत राहिली नाही. आमच्याकडच्या कुस्त्यांच्या दंगलीत पहेलवान मातीत उतरला की त्याच्या गावचा एक माणूस कडेला उभा राहून ओरडायचा. आधी गाव, मग नाव. पहेलवानानं आवाजाकडे वळून बघायचं आणि उजवा हात वर करायचा. हा आमचा, असं गावानं म्हणायचं आणि हो, मी यांचा, असं त्यानं कबूल करायचं. पुकार झाल्याशिवाय समोरच्यानं अंगाला हात लावायचा नाही. लढत चालू असतानाही गावाला आणखी एकदा पुकार देता यायची, फक्त एकदा. ती ऐकली की समोरचा पकड सोडून मागे सरायचा. आपल्या गड्याला दम खाऊ द्यायची ती सोय होती. चावट लोक तिला माहेरची सुट्टी म्हणायचे.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची आणि मंडईला जोडून दंगल. आम्ही बैलबंड्या जुंपून निघायचो. वाटेत शिंगाडे सोलून खायचे, सालींनी बोटं काळी व्हायची. आंधळगावच्या मंडईतली एक कुस्ती मला अजून रोजच्या भाकरीइतकी आठवते. समोर तुमसरकडचा एक गडी होता, मानच नव्हती त्याला. त्यानं उरकुडाचं डोकं काखेत असं आवळलं की उरकुडाचे पाय माती उकरायला लागले. डफडं थांबलं. मी तोंडावर हात धरले आणि गळा फाटेस्तोवर पुकार दिली: "एकोडीचाऽऽ उरकुडाऽऽ!" गड्यानं शिवी हासडली, पण सोडलं. उरकुडा उभा राहिला, माझ्याकडे वळला, हात वर केला. मग दोन श्वासांत त्यानं त्या बिनमानेच्या गड्याला असा उलथवला की लोक मातीत धावले. परत येताना मी त्याच्या बंडीत बसलो होतो. त्याच्या अंगाचा घाम, हळद आणि बिडीचा वास मिळून जे काही होत होतं ते माझ्या नाकात आजही आहे. तो म्हणाला, "तुह्यी पुकार आली का माह्या हात मले इचारत नाही, आपोआप वर जाते." मी महिनाभर तरंगत होतो.

पुढे मला जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी लागली. क्वार्टर मिळालं, नळाचं पाणी, वेळेवर येणारी बस, भोंग्यावर उठणं. मंडईला सुट्टी टाकून गावी जायचो. एका वर्षी गेलो तर आखाड्यात पोरं होती, उरकुडा नव्हता. त्यानं माती का सोडली ते मला आजही धड ठाऊक नाही. कोणी म्हणालं रायपूरला गेला, कोणी म्हणालं नागपूरला मिलमध्ये लागला. वहिनी म्हणाली, "कामावर हायेत." पितळी डबा तिनं पालथा घालून ठेवला होता.

मग ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची ती थंडी. भंडाऱ्यात भिंतींवर पिवळे कागद चिकटले आणि रिक्षावर भोंगा फिरायला लागला. फ्रीस्टाइल कुस्त्या. दोरांचं रिंगण, तिकीट लावून, कनाती ठोकून. एका बाजूला तूफान पहेलवान, दुसऱ्या बाजूला नकाबपोश, ज्याचा चेहरा हिंदुस्थानात कोणी पाहिला नाही. मी बघायला गेलो, सोबत माझा खात्यातला दोस्त होता. तो आत शिरता शिरताच म्हणाला, "हे नूरा कुस्ती हाये गड्या. सारं ठरवून राह्यते. कोन पडन, कोन उठन, सारं." मातीवाल्यांना नूरा हा शब्द शिवीसारखा. मी नाक मुरडलं आणि शेंगा घेतल्या.

दुपारचे चार वाजले होते. ऊन कनातीच्या भोकांतून आत येत होतं, नवीन तरटाचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास होता. तूफान आला तेव्हा बायकासुद्धा उभ्या राहिल्या. कुरळे केस, पांढरे बूट, हात जोडून चारी बाजूंना नमस्कार. मग नकाबपोश आला. डोक्यावरून गळ्यापर्यंत काळी पिशवी, तिला डोळ्यांची दोन भोकं. लोकांनी टरफलं मारली, कोणी चप्पल भिरकावली. त्यानं लोकांना ठोसे दाखवले, ठरल्याप्रमाणे. आणि मग दोराच्या कोपऱ्यात, कोणाचं लक्ष नसताना, तो वाकला. त्या तरटावर माती नव्हती, तरी त्यानं बोटं तरटाला टेकवली आणि कपाळाला लावली.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. पोटऱ्या पाहिल्या, खांदा पाहिला, डावा पाय किंचित आत टाकायची खोड पाहिली. मी दोस्ताला काही बोललो नाही. लाज वाटली, मग त्या लाजेची लाज वाटली. आंधळगावच्या मंडईत ज्याला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, त्याला आज भंडाऱ्याचे लोक आईवरून शिव्या देत होते आणि तो त्या शिव्या मिळाव्यात म्हणून मेहनत करत होता. मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही. कोण जाणे किती वर्षांनी तो मला दिसत होता.

तूफान त्याला तुडवायला लागला. तो कळवळायचा, गुडघ्यावर यायचा, पुन्हा पडायचा. "मार साल्याले!" माझ्या शेजारचा एक शाळामास्तरासारखा दिसणारा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता. हे सगळं खोटं आहे हे मला कळत होतं. गळ्याला ते कळलं नाही. तूफान कोपऱ्यातल्या दोरांवर चढला, उरकुडा मधोमध डोलत उभा राहिला, आणि माझे दोन्ही हात तोंडापाशी गेले.

"एकोडीचाऽऽ उरकुडाऽऽ!"

तो वळला. नकाबाच्या भोकांतून त्याचे डोळे मला सापडले, हे मी शपथेवर सांगतो. आणि त्याचा उजवा हात वर गेला. पकड सोडून मागे सरायचं, हे तूफानला कोणी शिकवलं नव्हतं. तो आमच्या मुलखातला नव्हता, आणि तोवर तो हवेत होता. त्याला झेलायला दोन हात लागायचे. त्यातला एक माझ्यासाठी वर गेला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. धानाचं पोतं बंडीतून खाली टाकल्यासारखा. नकाबपोश उठला नाही म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या उडवणं, किती वेळ चाललं होतं ते. तूफान आधी हात वर करून उभा राहिला, मग खाली बसला, मग त्यानं ती काळी पिशवी ओढून काढली. पुढच्या रांगेतले गप्प झाले, पण मागच्यांना काही दिसत नव्हतं, ते वाजवतच राहिले. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी फ्रीस्टाइलवाल्यांच्या ट्रकमधून त्याला एकोडीला नेलं. मी गेलो नाही. पहिली पाळी आहे असं सांगितलं आणि कामावर गेलो. पुढे आई-वडिलांना क्वार्टरवर आणलं, दुकान विकलं, आणि गावाकडे जायला कारण उरलं नाही. कारण उरू नये म्हणूनच ते सगळं केलं, हे तेव्हा स्वतःला कबूल केलं नाही एवढंच.

त्या दिवसापासून मी ओरडलो नाही. ओरडता आलं नाही म्हणणं जास्त खरं. धाकटी लेक चार वर्षांची असताना रस्त्यात धावली, समोरून ट्रक येत होता, आणि माझं तोंड उघडलं पण आतून काही निघालं नाही. बायकोनं झेप घेऊन तिला ओढलं. नंतर ती मला म्हणाली, "तुमच्या तोंडाले कुलूप लागलं होतं काय?" निवृत्तीच्या दिवशी खात्यानं हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या तेव्हा मी मटकन खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. दुपारी झोपेत मला नेहमी तेच तरट दिसतं आणि वर गेलेला हात. हात खाली येत नाही. मी वाट पाहतो आणि तो खाली येत नाही.

बाकावरून उठलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

सायत्रावहिनी अंगणात सुपानं धान पाखडत होती. केस पांढरेफेक, पाठ वाकलेली, पण सूप मात्र ठेक्यात. कपाळावर हात आडवा धरून तिनं पाहिलं.

"कोन होय?"

"मी, वहिनी. किराणा दुकानवाल्याचा."

"अगा माय! भाऊजी! जवाहरनगरवाले झाले तं गावच इसरले नं तुमी. उभे काहून रायले? बसा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, नातवंडांची चौकशी आली असती, आणि मी पुन्हा तसाच परत गेलो असतो. उभ्यानंच सांगितलं. सगळं सांगितलं, शेंगांपासून टाळ्यांपर्यंत. तिनं सूप थांबवलं नव्हतं, ते मी पुकारीवर आलो तेव्हा थांबलं.

"तुमी होते तेथं?"

"होतो."

"पुकार देल्ली?"

"देल्ली, वहिनी."

"अन् त्याइनं हात उचलला."

मी मान हलवली. ती रडेल, शिव्या देईल, जा म्हणेल, असं सगळं मी चाळीस वर्षांत मनात घोळवून ठेवलं होतं. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं हात पुसले, एक एक बोट.

"तूफान येत होता, मालूम हाये तुमाले?"

"कोण?"

"तोच. उडी मारनारा. ट्रकसंगं आला तवा तीन रोज याच अंगनात बसून होता. मंग दरसाली कापनीले ये. आठ रोज राहे. धान कापे, भारे बांधे, डोक्शावर खऱ्यात नेऊन टाके. कुस्ती तं त्यानं त्याच रोजी सोडली. अन् जेवाले बसला का एकच गोठ काढे." ती थांबली आणि तूफानचं हिंदी जसंच्या तसं बोलली. "'भाभी, वो रुका क्यों? रोज झेलता था मुझे. उस दिन हाथ ऊपर क्यों किया?' मी का सांगू? मले का मालूम! मी म्हनो, चक्कर आली असन, भाऊ. तो मान हालवे. 'चक्कर नहीं, भाभी. वो किसी को देख रहा था.' मंग म्हने, 'मैंने मारा उसको.' एवढा आडदांड मानूस, पन लेकरासारखा रडे."

मी विचारलं, "आता कुठे असतो तो?"

"गेला. औंदा उनाऱ्यात. पोराचा फोन आल्ता. म्हने, बाबा शेवटपर्यंत तेच इचारत होते."

जवाहरनगरहून एकोडी म्हणजे बसनं दोन तास. दर वर्षी, कापणीचे ते आठ दिवस, तो या अंगणात ताटावर बसून जे विचारत होता, त्याचं उत्तर जगात एकाच माणसाजवळ होतं. तो माणूस त्या आठ दिवसांत भोंग्यावर उठत होता, डबा घेऊन कामावर जात होता, आणि सारा भोग आपल्याच वाट्याला आला आहे असं समजत होता.

"मले सांगून का होते आता, भाऊजी," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मी कवाच कोनाले दोस देल्ला नाही. त्याले सांगाचं होतं. एकडाव सांगतलं असतं त्याले, तं जीव हलका झाला असता त्याचा."

ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मी दारातून परत फिरणार होतो, पण आतून भांड्याचा आवाज आला. ती ताट घेऊन बाहेर आली. ओसरीवर खांबाजवळ एक जागा होती, तिथली सारवण बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथं तिनं पाट मांडला, त्यापुढे ताट ठेवलं, भात, त्यावर लाखोळीचं वरण.

"त्याची जागा हाये," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. एकामागून एक घास घेत राहिलो. ती समोर उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"तो बी असाच खाली मान घालून जेवे," ती म्हणाली.